नॅस भरला आणि दार बंद झालं: फोंड्यातली एक दुरुस्ती

पावसाळा लागला की गोव्यात घरच्या नॅसबद्दलची (घरातल्या सगळ्यांच्या फाइली नेटवर्कवरून एका जागी ठेवणाऱ्या डिस्कच्या पेटीबद्दलची) तक्रार ठरलेली असते. रात्री वीज गेली, आली, आणि सकाळपासून ड्राइव्ह उघडत नाही. डिस्क गेली असणार. फोंड्यातल्या एका घरातून आलेली तक्रारही याच शब्दांत होती. डिस्क ठणठणीत होत्या. त्या काठोकाठ भरल्या होत्या, आणि वीज जाऊन येणं हे नुसतं निमित्त झालं होतं.

दोन खणांची, लिनक्सवर चालणारी पेटी. 4 टीबीच्या दोन डिस्क, रेड 1 मध्ये, म्हणजे एकीवर लिहिलं जातं तेच दुसरीवर. त्यावर बटर-एफएस ही फाइलसिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत. आत चवथीतल्या घुमट-आरत्यांची रेकॉर्डिंग, जत्रेतल्या नाटकांची चित्रीकरणं, जमिनीचे एक-चौदाचे उतारे, पोर्तुगीज काळातल्या दस्तांचे स्कॅन आणि घरातल्या सगळ्यांच्या फोनमधले फोटो. शिवाय चार कॅमेरे रात्रंदिवस याच पेटीत लिहीत होते, कारण मुलगा जहाजावर आणि घरात वयस्क माणसं दोघंच.

काकांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला तो सगळेच विचारतात: “प्लग काढून परत घालू का?”

“नको काका. प्लगला हात लावू नका. कॅमेऱ्यांच्या वायरी जातात तो छोटा स्विच तेवढा बंद करा, आणि फोनमधलं फोटो आपोआप चढवणारं ॲप थांबवा.”

हा क्रम फार महत्त्वाचा आहे. भरलेल्या डिस्कवर अजूनही कोणी लिहायचा प्रयत्न करत असेल, तर तुम्ही मोकळी केलेली जागा मिनिटाभरात परत भरते. चार कॅमेरे प्रत्येकी 2 एमबीपीएसने (सेकंदाला 2 मेगाबिट) लिहीत असतील तर मिनिटाला 60 एमबी जातात. तुम्ही शंभर एमबी मोकळे करून लॉगिन करेपर्यंत जागा पुन्हा शून्य. म्हणून लिहिणारे सगळे आधी थांबवायचे, मग पेटीकडे वळायचं. आणि प्लग खेचायचा नाही, कारण बटर-एफएस आवराआवर करत असताना मध्येच वीज तोडली तर साध्या जागेच्या प्रश्नाला फाइलसिस्टिम बिघडल्याचा प्रश्न येऊन चिकटतो.

घरी गेल्यावर पहिली तपासणी नेटवर्कची. राउटरच्या यादीत पेटीचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) दिसत होता, पिंगला, म्हणजे ‘आहेस का’ असं विचारणाऱ्या संदेशाला, उत्तर येत होतं. पेटीच्या पुढच्या बाजूला दोन्ही डिस्कचे दिवे हिरवे, एकसारखे लुकलुकत होते. स्टेटसचा दिवा मात्र नारिंगी. कान लावून ऐकलं तर डिस्कचा नेहमीचा घरघराट, टकटक नाही. ठरावीक अंतराने टक-टक असा आवाज येत असता तर त्याच क्षणी पेटी बंद करून वेगळा रस्ता धरायला लागला असता. विंडोजवर शेअर (नेटवर्कवरून दिसणारा पेटीतला फोल्डर) उघडत नव्हता, फोनवरच्या ॲपमधूनही नाही. दोन्हीकडून बघायचं ते यासाठी की फक्त एकाच लॅपटॉपवर अडत असेल तर दोष बहुतेक त्या लॅपटॉपचा असतो. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून एसएमबीचे (विंडोज ज्या पद्धतीने असे शेअर उघडतं तिचे) नियम कडक झाले आहेत; पासवर्डविना गेस्ट म्हणून उघडणारे जुने शेअर त्या अपडेटनंतर बंद पडले, आणि पेटीत काहीच बिघडलेलं नव्हतं.

ब्राउझरमध्ये लॉगिनचं पान येत होतं. नाव, पासवर्ड टाकला की थोडा वेळ फिरून परत तेच पान. चुकीचा पासवर्ड असा निरोपही नाही. अनुभवी माणसाला इथेच वास येतो: लॉगिन झालं की सिस्टिमला सेशनची एक चिमुकली फाइल लिहायची असते, आणि तिलाही जागा नाही. पासवर्ड विसरलो असं समजून मागच्या बाजूचं रीसेटचं बटण दाबण्याचा मोह इथे फार होतो. ते बटण किती सेकंद दाबलं की काय होतं, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं आहे. काहींत थोडा वेळ दाबलं की फक्त ॲडमिनचा पासवर्ड आणि नेटवर्कची सेटिंग पुसली जातात, जास्त वेळ दाबलं की सिस्टिम नव्याने घालायची तयारी सुरू होते. मॅन्युअल समोर नसताना त्या बटणाला बोट लावू नये.

या पेटीवर एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवरून टाइप करून कमांड देण्याची सोय) आधीपासून चालू ठेवलेलं होतं, त्यामुळे काम सोपं झालं. लॉगिन व्हायला चांगलाच वेळ लागला, पण झालं. पहिली कमांड ‘डीएफ’, सोबत ‘-एच’, म्हणजे आकडे जीबी-टीबीत दिसतात. दोन ओळी बघायच्या. एक नुसत्या तिरक्या रेघेची, म्हणजे सिस्टिमचं पार्टिशन (डिस्कचा वेगळा राखलेला भाग). दुसरी डेटाच्या व्हॉल्यूमची, म्हणजे तुमच्या फाइली असतात त्या भागाची. इथे दोन्हींसमोर 100 टक्के होते आणि उपलब्ध जागेच्या रकान्यात शून्य. त्यानंतर ‘डीएफ -आय’, कारण जागा असूनही आयनोड (प्रत्येक फाइलीमागे लागणारी नोंद) संपले तर तक्रार हुबेहूब अशीच दिसते; सिस्टिमच्या पार्टिशनवर लाखो बारक्या फाइली साठल्या की तसं होतं. इथे आयनोड भरपूर शिल्लक होते. मग ‘माउंट’ या, कोणता भाग कसा जोडला आहे ते दाखवणाऱ्या कमांडमध्ये डेटाच्या व्हॉल्यूमपुढे ‘आरओ’ लिहिलेलं दिसलं, म्हणजे फक्त वाचायची परवानगी. ‘डीमेसेज’च्या, म्हणजे सिस्टिमच्या निरोपांच्या, शेवटच्या ओळींत त्याचं कारण होतं: जागा उरली नाही, म्हणून फाइलसिस्टिमने स्वतःहून लिहिणं बंद केलं.

हे दोन भाग वेगळे का भरले, ते समजून घेतल्याशिवाय पुढे हात घालू नये. अशा पेट्यांत प्रत्येक डिस्कवर सुरुवातीला एक लहान पार्टिशन सिस्टिमसाठी राखलेलं असतं. जुन्या पेट्यांत ते जेमतेम दोन-अडीच जीबीचं, नव्यांत जास्त. तुमचे फोटो तिथे जातच नाहीत. मग ते का भरावं? डेटाचा भाग आधी भरला. फोटोंची अनुक्रमणिका ठेवणारा डेटाबेस त्यावर होता. त्याला लिहिता येईना, तो पडला, सिस्टिमने परत उठवला, परत पडला. प्रत्येक वेळी लॉगमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या नोंदवहीत, दहा-वीस ओळी. जुने लॉग दाबून लहान करणारं लॉगरोटेट जागा मोकळी करतं खरं, पण दाबलेली नवी फाइल लिहायला त्यालाही आधी जागा लागते. असं करत सिस्टिमचा भागही तुडुंब झाला, आणि त्यातच वीज गेली. पेटी परत सुरू झाली तेव्हा शेअर उघडणाऱ्या सेवेला आपली कामचलाऊ फाइल लिहिता आली नाही, आणि दार बंद.

सिस्टिमचा भाग भरण्याचं आणखी एक कारण वारंवार भेटतं. बॅकअपसाठी लावलेली यूएसबी डिस्क वीज गेल्यावर सुटते. ती ज्या फोल्डरवर जोडलेली असते तो फोल्डर मात्र रिकामा का होईना शिल्लक राहतो, आणि आपण लिहिलेली बॅकअपची स्क्रिप्ट इमानेइतबारे त्या रिकाम्या फोल्डरात लिहीत सुटते. तो फोल्डर सिस्टिमच्या पार्टिशनवर असतो. गिगाबिटच्या वेगाने दोन जीबी भरायला अर्धं मिनिटही लागत नाही. म्हणून स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ‘माउंटपॉइंट’ कमांडने डिस्क खरंच जोडलेली आहे का ते तपासावं, नसेल तर तिथेच थांबावं.

कुठे किती जागा गेली हे शोधायला ‘डीयू’. सोबत ‘-एक्स’ हवाच, नाहीतर ती कमांड डेटाच्या व्हॉल्यूममध्ये शिरते आणि तासभर फिरत बसते. ‘व्हार’खालच्या ‘लॉग’ फोल्डरात एकच फाइल 700 एमबीच्या वर गेलेली सापडली. ती ‘आरएम’ने उडवायची नाही. ज्या प्रोग्रॅमने ती उघडून ठेवली आहे तो चालू असेपर्यंत नाव जातं, जागा सुटत नाही. मग ‘डीएफ’ 100 टक्केच दाखवतं आणि माणूस गोंधळतो. ‘ट्रंकेट -एस 0’ लिहून पुढे फाइलचं नाव दिलं की फाइल जागेवर राहते, पोट रिकामं होतं. आधीच कोणी उडवली असेल तर ‘एलएसओएफ +एल1’ अशा भुतासारख्या फाइली दाखवतं, आणि ती धरून बसलेली सेवा बंद करून सुरू केली की जागा परत येते. ‘ईटीसी’, ‘युएसआर’, ‘लिब’ या फोल्डरांत काहीही झालं तरी हात घालायचा नाही. तिथलं काही मोठं दिसलं तरी ते सिस्टिमचं स्वतःचं असतं.

सिस्टिमवर 30 टक्के जागा मोकळी झाल्यावर पेटी रीतसर रीबूट केली, कॅमेऱ्यांचा स्विच बंदच ठेवून. ब्राउझरमधलं लॉगिन लगेच झालं. शेअरही उघडले, आणि व्हॉल्यूमवर लिहिण्याची परवानगी परत आली. बटर-एफएस जागेअभावी ‘आरओ’ होतं तेव्हा नव्याने माउंट केलं की बहुतेकदा असंच परत येतं, पण ही मोकळीक क्षणभराची असते. इथे कॅमेरे चालू असते तर सगळं मुसळ केरात गेलं असतं.

आता मुख्य भाग. घरच्यांचं म्हणणं बरोबर होतं: कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग 10 दिवसांनी आपोआप पुसायला लावलं होतं. हिशेब करू. 2 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला पाव एमबी. 86,400 सेकंदांच्या दिवसाला एका कॅमेऱ्याचे 21.6 जीबी, चारांचे 86.4 जीबी. 10 दिवसांचे 864 जीबी. घरचा बाकीचा ऐवज साधारण 530 जीबी. मिळून 1.4 टीबीच्याही आत, आणि डिस्क 4 टीबीची. जागा जायला नको होती. ‘डीयू’ने सगळ्या दिसणाऱ्या फाइलींची बेरीज 1.3 टीबी सांगितली, आणि ‘डीएफ’ म्हणत होतं 3.6 टीबी वापरात. (दोन्ही कमांडी 1024 च्या पटीत मोजतात, म्हणून 4 टीबीची डिस्क 3.6 दिसते; त्यात काही हरवलेलं नाही.) या दोन आकड्यांत एवढा फरक दिसला की उत्तर बहुतेकदा एकच असतं: स्नॅपशॉट, म्हणजे त्या-त्या वेळची फाइलींची गोठवून ठेवलेली स्थिती.

रॅन्समवेअरपासून (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसपासून) बचाव म्हणून सगळ्या फोल्डरांवर दर तासाला स्नॅपशॉट लावलेले होते, 30 दिवस ठेवायचे. दस्तांच्या आणि फोटोंच्या फोल्डराला ही सोय उत्तमच आहे, कारण तिथल्या फाइली बदलत नाहीत आणि स्नॅपशॉटला जवळजवळ जागाच लागत नाही. पण कॅमेऱ्यांच्या फोल्डरात रोज 86 जीबी येतात आणि तेवढेच पुसले जातात. पुसलेली फाइल जुन्या स्नॅपशॉटात असते, म्हणून तिची जागा सुटत नाही, ती आणखी 30 दिवस अडकते. म्हणजे प्रत्यक्षात 10 नव्हे, 40 दिवसांचं रेकॉर्डिंग डिस्कवर: 3,456 जीबी. त्यात घरचे 530 मिळवा. 4,000 ला चौदा जीबी कमी. आकडे इतके चपखल जुळतात तेव्हा निदानाबद्दल शंका राहत नाही.

याच कारणाने फोटो किंवा जुनी चित्रपटांची फोल्डरं उडवून काही साधत नाही. फाइल दिसेनाशी होते, जागा तशीच राहते, आणि वर प्रत्येक पुसण्याची नोंद मेटाडेटात (फाइलींबद्दलच्या माहितीत) करायला बटर-एफएसला नवी जागा लागते. ही फाइलसिस्टिम जुन्या नोंदीवर खोडून लिहीत नाही. बदललेली नोंद दुसरीकडे लिहिते आणि मग जुनी सोडते. भरलेल्या घरातून कपाट बाहेर काढायला आधी ओसरी मोकळी लागते, तसं. घाबरून घरच्यांनी आपल्याच आठवणी उडवल्याचं अशा वेळी दिसतं, आणि ते बघवत नाही. इथे काकांनी काही उडवलं नव्हतं, हे नशीब.

‘बीटीआरएफएस फाइलसिस्टिम युसेज’ या कमांडने नेमकी स्थिती दिसते. त्यात ‘अनअलोकेटेड’ (अजून कशालाच न दिलेली जागा) हा आकडा सगळ्यांत महत्त्वाचा. तो शून्याच्या जवळ असेल आणि मेटाडेटाची वापरलेली जागा एकूण जागेला टेकलेली असेल, तर पाऊल जपून टाकायचं. इथे तसंच होतं. म्हणून कॅमेऱ्यांच्या फोल्डरचे शेकडो स्नॅपशॉट एका दमात निवडून उडवले नाहीत. सगळ्यांत जुने चार-पाच निवडायचे, उडवायचे, थांबायचं. स्नॅपशॉट यादीतून लगेच जातो, पण जागा मागून, हळूहळू सुटते. आतली सफाई पूर्ण व्हायला मिनिटं लागतात, कधी तास. आकडा वर सरकला की पुढचे. उडवायचं काम पेटीच्या स्वतःच्या स्नॅपशॉटच्या ॲपमधून करावं. एसएसएचवरून सबव्हॉल्यूम (स्नॅपशॉट याच रूपात साठतात) उडवता येतात, पण मग ॲपच्या यादीत उडवलेले स्नॅपशॉटही दिसत राहतात आणि पुढचं वेळापत्रक अडखळतं. पहिले शंभर जीबी सुटल्यावर वेग घेता येतो.

इतकंही जमलं नाही, उडवतानाच पुन्हा ‘आरओ’ झालं, तर दोन उपाय उरतात. स्नॅपशॉटात नसलेली एखादी अगदी ताजी, मोठी फाइल ‘ट्रंकेट’ने शून्य करणं हा पहिला. दुसरा म्हणजे यूएसबी डिस्क तात्पुरती ‘डिव्हाइस ॲड’ करून फाइलसिस्टिमला श्वास घ्यायला जागा देणं, सफाई करणं, आणि ‘डिव्हाइस रिमूव्ह’ पूर्ण होईपर्यंत ती डिस्क न हलवणं. त्या मधल्या वेळात वीज गेली आणि ती डिस्क सुटली तर अख्खा व्हॉल्यूम माउंट होत नाही. पावसाळ्यात, यूपीएसशिवाय हा उपाय आम्ही करणार नाही.

जागा सुटल्यावर ‘बॅलन्स’, म्हणजे अर्धवट भरलेले तुकडे एकत्र करणं, तोही थोडा थोडा: ‘-डीयुसेज=0’ने पूर्ण रिकामे तुकडे आधी परत मिळतात, मग 5, मग 10. मापदंडाशिवाय नुसता बॅलन्स लावला तर तो अख्खी डिस्क उलथीपालथी करतो आणि त्यात दिवस जातात. त्यानंतर स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच ठेवते त्या तब्येतीच्या नोंदींची, तपासणी. त्यात 5 क्रमांकाची ओळ म्हणजे बदलून घेतलेले सेक्टर, 197 म्हणजे वाचायला अडणारे; दोन्ही डिस्कवर दोन्ही शून्य होते. मग रात्रभर ‘स्क्रब’, ज्यात प्रत्येक तुकड्याची चेकसम (मजकूर बदलला नाही ना ते सांगणारा आकडा) पडताळली जाते. ‘चेक’ या कमांडला ‘--रिपेअर’ जोडून चालवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी मिळतो. जागेच्या प्रश्नावर त्याचा काही उपयोग नाही, आणि चुकीच्या जागी वापरला तर नुकसान होतं.

एसएसएच बंद असतं तर? बहुतेक पेट्यांत पॉवरचं बटण दाबून धरलं की, बीप वाजल्यावर, ती रीतसर बंद होते. डिस्क काढण्यापूर्वी त्यांवर मार्करने 1 आणि 2 लिहायचं. मग एक डिस्क उबुंटूच्या लाइव्ह यूएसबीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. 3.5 इंची डिस्कला 12 व्होल्ट लागतात आणि लॅपटॉपचं यूएसबी पोर्ट तिला ते देत नाही. त्यामुळे स्वतःचा ॲडॉप्टर असलेला डॉक हवा. पणजी, मडगाव, म्हापशाच्या कॉम्प्युटरच्या दुकानांत तो मिळतो. उबुंटूवर ‘एमडीएडीएम’ आणि ‘एलव्हीएम2’ घालून अ‍ॅरे (डिस्कचा गट) जुळवायचा आणि व्हॉल्यूम ‘-ओ आरओ’ देऊन, फक्त वाचण्यासाठी माउंट करायचा. दोन्ही डिस्कवर तेच असल्यामुळे एक डिस्क पुरते. तिच्यावर काही लिहिलं तर दोन डिस्कमध्ये तफावत येते आणि परत बसवताना डोकेदुखी होते. हीच डिस्क विंडोजला लावली तर ‘वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ अशी खिडकी उघडते. विंडोजला ही फाइलसिस्टिम वाचता येत नाही, एवढाच तिचा अर्थ. ‘कॅन्सल’ दाबायचं. भरलेल्या नॅसमधला डेटा खरोखर जातो तो बहुतेकदा याच खिडकीत.

इथे ती वेळ आली नाही, पण दस्त, फोटो आणि रेकॉर्डिंगची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. सुरुवातीला वेग सेकंदाला 11 एमबीवर अडला होता. गिगाबिटवर 110 च्या आसपास मिळायला हवा. केबलचं टोक काढून पाहिलं तर आठ धातूच्या पट्ट्यांपैकी दोनांवर हिरवट थर. खारी, दमट हवा हे करतेच. एक जोडी तुटली की नेटवर्क मुकाट्याने 100 एमबीपीएसवर उतरतं आणि कुठेही चूक म्हणून दाखवत नाही. या वेगाने भरलेली 4 टीबीची डिस्क उतरवायला चार दिवस, गिगाबिटवर दहा-अकरा तास. टोक कापून नवा आरजे45 बसवला.

शेवटी सेटिंग. कॅमेऱ्यांच्या फोल्डरवरचे स्नॅपशॉट पूर्ण बंद, आणि त्या फोल्डराला 1,200 जीबीचा कोटा, म्हणजे कॅमेरा कितीही वेडावला तरी बाकीच्यांची जागा खाणार नाही. दस्त आणि फोटोंवर स्नॅपशॉट तसेच. जागेचा इशारा 80 टक्क्यांना, आणि तो काकांच्याच नव्हे, जहाजावरच्या मुलाच्या ईमेलवरही. रीसायकल बिन दर 15 दिवसांनी रिकामा. लॉगच्या आकाराला मर्यादा. यूपीएस घरात होता, पण त्याची यूएसबी वायर पेटीला जोडलेली नव्हती. ती जोडली आणि बॅटरीवर पाच मिनिटं झाली की पेटीने आपणहून बंद व्हावं असं लावलं. मग भिंतीवरचं बटण बंद करून ते खरंच होतं का ते पाहिलं: सहाव्या मिनिटाला पेटी निजली, वीज परत दिल्यावर उठली, शेअर उघडले. त्यानंतर कॅमेऱ्यांचा स्विच चालू केला.